कोळशाच्या दोन ट्रकांची व्यवस्था

मी, हुकूमचंद केसरीमल छाजेड, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दम लागतो तो छातीला, डोक्याला नाही.

१. माझ्या मालकीचे दोन ट्रक आहेत. वणीकडच्या खाणीतला कोळसा त्यांनी रेल्वेच्या सायडिंगवर नेऊन ओतला. तिथून तो वॅगनने बंदरावर आणि पुढे जहाजाने परदेशी गेला. माझा माल समुद्र ओलांडून गेला, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. आम्हा जैन श्रावकांनी टाळावेत अशा पंधरा धंद्यांत अंगार म्हणजे कोळसा आहे, जमीन खोदणे आहे आणि भाड्याची गाडीही आहे. मी तिन्ही एकाच ट्रकमध्ये भरले. हे मला मंदिराच्या ज्या ट्रस्टींनी ऐकवले, त्यांनीच माझ्या देणगीतून बांधलेल्या सभागृहासाठी वर पंखे मागितले. पंखे देऊ नयेत.

२. दोन्ही ट्रक माझा जुना ड्रायव्हर मदनसिंग याला द्यावेत. मुलगा पुनीत याला हे पटणार नाही. राहते घर त्याला दिले आहे, तेवढ्यावर त्याने समाधान मानावे. हा धंदा माझ्याबरोबरच घरातून जावा. मदनसिंगला विचारले तेव्हा तो म्हणाला, "सेठजी, तुमचं पाप मले देऊन राह्यले काय? द्या. पर टायर नवे टाकून द्या." टायर नवे टाकून द्यावेत. मी पाप नुसते शेजारच्या घरात ढकलतो आहे की काय, याचे उत्तर मला सापडलेले नाही, आणि ते टोचते.

३. पत्नी भंवरीबाई. पहिला ट्रक दारात आला त्याच दिवशी ती म्हणाली होती, "कोळशाच्या पैशाचा दाणा माह्या चुलीवर चढनार नाही." मी हसण्यावारी नेले. ती किराणा दुकान चालवीत राहिली. मला वाटे, हे व्रत तिच्यापुरते आहे. माझ्या ताटातली पोळीही कायम दुकानाच्याच पैशाची होती, हे या आजारपणात सून कृतिकाने सांगितले. मी दिलेले पैसे घराच्या भिंतींत गेले, पोटात कधीच नाही. त्या दिवशी मी रडलो.

तिच्या नावे काही लिहायला घेतले, तर म्हणाली, "माह्या नावानं त्यातलं काही लिहू नका." म्हणून लिहीत नाही. उलट मागतो. माझ्या चितेची लाकडे दुकानाच्या पैशाने यावीत. ती हो म्हणेल की नाही, ठाऊक नाही. नाही म्हणाली, तर पुनीतने तिच्याशी हुज्जत घालू नये.

ठिकाण : मेडशी
दिनांक : १९ जानेवारी २०२५
(सही) हुकूमचंद केसरीमल छाजेड

साक्षीदार :
१. गुलाबसिंग, शेजारी (सही)
२. भंवरीबाई हुकूमचंद छाजेड (सही). सगळे वाचून तिने सही केली व काय म्हणाली तेही लिहायला लावले : "लाकडं मी आणीन. आता उठा, दिवस मावळाच्या आत जेवून घ्या."