साहेबांना भोपळे आवडले

बेटवाडी, मंठ्याकडून
श्रावण वद्य पंचमी, शके १८५९

ती. अक्कास वामनचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, गिरिधरपंत भावजींची मोटार आणि तुमची म्हैस, तिघांची प्रकृती ठीक असावी.

आधी माझी तक्रार ऐक. तपकीर भिजली. जालन्याहून आणलेला डबा उघडला तर आत चिखल. चाळिशी उलटलेल्या गृहस्थाला आठवडाभर एक धड शिंक मिळू नये, हे कुठल्याही रियासतीला शोभत नाही.

बाकी आमची उद्योगशाळा झकास. पगारच नाही, त्यामुळे कुरबुरही नाही. पूर्णेला पूर आला की हे गाव बेट होतं. मास्तर पळून जाऊ शकत नाही, हा शाळेचा मोठा फायदा. रंधा, करवत, पटाशी सगळं मी हात न लावता शिकवतो.

उन्हाळ्यात, पात्र कोरडं असताना, एक बडे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले होते. त्यांना दाखवायला म्हणून आम्ही घरोघरचे सुके भोपळे गोळा करून त्यांच्यावर तापल्या सळईने वेलबुट्टी डागली. साहेब खूश. इथली रीत अशी, की पाहुण्याने वस्तू वाखाणली की ती घरात ठेवायची नाही. गावचे सगळे भोपळे साहेबांच्या गाडीत गेले.

हेच भोपळे बाजेखाली बांधून इथली माणसं पूर उतरतात. नवे अजून वेलीवर फुलात आहेत.

मग कचरूने नाव करायची म्हणून कडुलिंबाचं खोड कोरायला घेतलं. शाळेतला सगळ्यात चांगला हात त्याचा. दोन लेकरांचा बाप. गेल्या सोमवारी पटाशी निसटून तळव्यात घुसली. हळद भरली. आता हात कोपरापर्यंत काळानिळा झाला आहे, आणि खोलीत वास येतो. नाव अर्धीच आहे.

अक्का, तपकिरीचं राहू दे.

मंठ्याचा डॉक्टर काठापर्यंत आला, पाणी पाहिलं आणि मलम देऊन परत गेला. या पाण्यात पोहतो तो एकटा मच्छिंद्र कोळी. पण तापाने फणफणलेल्या माणसाला घेऊन त्यालाही जमायचं नाही. तो परवा साहेबांच्या बंगल्यावर भोपळे परत मागायला गेला होता. भोपळे प्रदर्शनात गेले होते. चपराशी म्हणाला, "नुमाइश में गये. अर्जी देके जाव."

गिरिधरपंतांची मोटार तुमच्याकडून रोज उतारू घेऊन मंठ्याला येते; तिच्या जुन्या ट्युबा बाजेला बांधल्या तर कचरू पार होईल. ड्रायव्हर म्हणतो, मालकाच्या हुकमाशिवाय हात लावणार नाही. मच्छिंद्र हे पत्र त्याच्या हाती देऊन मंठ्यालाच बसून राहील. उद्याच्या फेरीने ट्युबा आणि पंप पाठव. पंतांवर मी तो फार्स लिहिला, त्याबद्दल त्यांचे पाय धरतो म्हणून सांग. समोर आले तर खरोखर धरीन.

काल कचरूची बायको, द्वारकाबाई, मला म्हणाली, "मास्तर, हाताला काम देतो म्हन्ले व्हते ना तुमी? तुमची साळा हातच घेऊन राह्यली." मी आपला जोडे शोधत बसलो.

आणि एक सांगायचं टाळत होतो. साहेब दोनच भोपळे घेत होते. रखमाजी पाटील म्हणाले, "बाकीचे उतरवू का, मास्तर? पूर येईल." मी म्हणालो, "राहू द्या पाटील, साहेबांच्या डोक्याला जोड होईल." सगळे खो खो हसले. साहेबांना मराठी कळत नाही, तेही हसले. गाडी गेली.

आत्ता कचरूने हाक मारली होती. भोकरदनला बहिणीला, झुंबरबाईला, दोन ओळी लिहून द्या म्हणून आखाडापासून तो मागे लागला होता, आणि मी आज-उद्या करत राहिलो होतो. आज कागद घेऊन बसलो.

"काय लिहू?"

"लिवा, नागपंचमीला न्यायला आलो न्हाई, रागावू नगं. दिवाळीला बराबर येतो."

"आणि?"

"लिवा, हात बरा हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं काई घालू नका, मास्तर."

घातलं नाही. ती चिठ्ठी याच पाकिटात आहे. आधी ट्युबांचं बघ, मग ती भोकरदनला टाक. तिकीट मी लावलं आहे.

वामन