नडगीवरचे खड्डे

४ नोव्हेंबर
आले एकदाची पुसदला. शाळेची नोकरी, स्वतःची खोली आणि उठता-बसता ‘गोळी घेतली का’ विचारायला आई नाही. ऐश आहे बाबा. घरमालकीण लालीबाई तांड्यातल्या, बोलायला गोड. खोली त्यांच्या लेकीची, बबिताची. भिंतीवर तिचा फोटो आहे, सुजलेल्या तोंडाचा. माझ्यासारखाच तिचाही किडनीचा आजार, बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटणारा. यवतमाळला अँटिबॉडीच्या सलाइनसाठी नंबर लागायच्या आत गेली बिचारी. मला ते मिळालं. सहा महिने झाले, आजार उलटला नाही. पुढचं १६ तारखेला.

६ नोव्हेंबर
सकाळी लघवीत पट्टी बुडवली. पिवळीच राहिली, म्हणजे प्रथिनं गळत नाहीत. लालीबाईंनी आपणहून माझी नडगी अंगठ्याने दाबून पाहिली. बबिताची रोज अशीच दाबायच्या म्हणे. सूज असली की खड्डा तसाच राहतो. माझा पडलाच नाही. तुले भेटलं, माह्या पोरीले नाही भेटलं, म्हणाल्या. मला रडू आलं. मग दोघींनी चहा घेतला.

११ नोव्हेंबर
लालीबाई लेकाकडे उमरखेडला गेल्या. आज उठले तर नडगीवर अंगठ्याएवढा खड्डा. पट्टी मात्र पिवळी. डॉक्टर फोनवर म्हणाले, सूज नसताना खड्डा राहत नाही, झोपेत काहीतरी रुतलं असेल. असेल बाई.

१३ नोव्हेंबर
आज दोन्ही नडग्यांवर. दाराला आतून कडी होती. लालीबाईंना फोन करून हसत हसत सांगितलं. त्या म्हणाल्या, शेवटी शेवटी बबिता स्वतःच दाबून पाहायची, मले काहून नाही भेटत ते सलाइन, म्हणून विचारायची. पोरी, खोली सोड, म्हणाल्या.

१४ नोव्हेंबर
मांडी. पोट. पट्टीला हिरवट झाक. ते सुजलेलं तोंड पुन्हा नको मला. उद्या पहिल्या बसने यवतमाळ.

१५ नोव्हेंबर
चपलेत पाय जाईना. बस गेली. पट्टी हिरवीगार. आरशातलं तोंड माझं नाही — भिंतीवरच्या फोटोतलं आहे. आईला फोन लावला. तिने विचारलं, कोण बोलतंय —

उद्या सलाइन. ते चढणार कोणाला —

डाव्या हातावर, मी बघत असताना, खड्डा पडतोय. अंगठा दिसत नाही. दाबून धरलंय, सोडत नाही — आता उजव्या हा