न धुतलेलं लाल कापड

मौंडरिज, कॅन्सस
११ एप्रिल

लवीना हिस,

आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्ही दोघंही ठीक असाल. गहू यंदा बरा आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण ट्रॅक्टरवर चढायचं ते सोडत नाहीत.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला पुढचं सुचत नाही. हे वाचताना हवं तेवढं हस. मला ऐकू येणार नाही.

विषय तुझ्या लाल कापडाचा आहे.

आईच्या वाढदिवसाला तू ते पाठवलंस. तपकिरी कागद, वर सुतळी, आणि रंगवणाऱ्या बाईचं नाव छापलेली चिठ्ठी. ती बाई कोण ते मला माहीत नाही, पण तिला रंग कालवता येतो आणि धुता येत नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. जादाचा रंग धुऊन काढायचा कंटाळा करायचा, त्याला कला म्हणायचं आणि पोर्टलंडच्या बायकांना विकायचं, असा एकूण धंदा दिसतो. त्या बायकांत आता तूही आलीस. स्वयंपाकघरातल्या ज्या टेबलावर मी शिकले त्याच टेबलावर तूही शिकलीस. अक्षरांच्या आधी आईनं आपल्याला हेच शिकवलं होतं ना? नवं कापड भिजवायचं, पांढऱ्या चिंधीवर दाबून ठेवायचं, चिंधीला रंग लागला तर पुन्हा धुवायचं. चिंधी कोरी निघेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. मी अजूनही तसं करते, पांढऱ्या कापडालासुद्धा. हस.

मदतनिधीच्या लिलावासाठी आईनं यंदाही गोधडी कबूल केली होती. पांढऱ्यावर लाल चौकोनांची साखळी. ती तुझंच कापड कापायला बसली तेव्हा मी विचारलं, "हे धुतलंस?"

"राहू दे."

"आई, तूच तर सांगतेस..."

"सांगते ना? मग मीच सांगते, राहू दे."

आई असं कधी बोलत नाही.

गोधडी चर्चच्या तळघरात चौकटीवर ताणली आणि दर गुरुवारी शिवायला जमणाऱ्या बायका भोवती बसल्या. पांढऱ्यावर निळ्या पेनानं वेलबुट्टी आखली होती. ते पेन गार पाण्यानं जातं, गरम पाणी किंवा इस्त्री लागली तर कायमचं बसतं. आई नेहमीच्या कोपऱ्यात होती. तिचे टाके हल्ली जरा मोठे पडतात.

या बायकांची रीत तुला आठवते. कुणाचे टाके वाकडे आले तर तिच्या तोंडावर बोलायचं नाही. ती घरी गेली की उसवायचे आणि नवे घालायचे. लहानपणी त्या तुझेच टाके उसवायच्या. मी चष्मा विसरले म्हणून परत गेले, तर आर्डिथ मावशी आणि आणखी दोघी आईच्या कोपऱ्यात वाकून बसल्या होत्या. आईच्या! त्यातल्या एकीला तर सुई धरायला आईनंच शिकवलं आहे. मला बघून मावशी म्हणाली, "अगं, दोरा जरा सैल पडला होता." मी चष्मा घेतला आणि निघाले. इतक्या गोड बायका मला आयुष्यात पुन्हा भेटू नयेत.

गोधडी पुरी झाल्यावर निळं पेन काढायला मी ती आपल्या न्हाणीघरातल्या टबात गार पाण्यात बुडवली. निळं गेलं आणि लाल सुटलं. प्रत्येक चौकोनाभोवती, जखमेवरची पट्टी भिजावी तसं. माझे हात पाण्यातच राहिले, काढायचं सुचेना. तेवढ्यात मावशी व्हिनेगरची बाटली घेऊन हजर. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

"ओत हे. वर मूठभर मीठ टाक. रंग जागच्या जागी बसतो."

"मावशी, लोणचं नाही घालायचंय."

"माझ्या आईनं जन्मभर व्हिनेगरच घातलं."

"म्हणून आजीच्या सगळ्या गोधड्या गुलाबी आहेत."

"मग सरळ ड्रायरमध्ये घाल नि लिलावात उंच टांग. एवढ्या लांबून कोण बघतंय?"

"ड्रायरमध्ये घातली तर डाग कधीच निघणार नाही. आणि तशीच टांगली तर मी आधी सांगेन, डाग आहे म्हणून."

"सांगशील गं बाई. तू स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी पाय पुसत बसशील!"

मी तिला बाहेर काढलं आणि दाराला कडी लावली. मग टब भरून कढत पाणी घेतलं, भांड्यांचा साबण ओतला आणि गोधडी पूर्ण बुडवून ठेवली. सुटलेला रंग पाण्यातच तरंगत राहिला पाहिजे, पुन्हा कापडावर बसता कामा नये, एवढंच त्यातलं शास्त्र. व्हिनेगरला ते ठाऊक नाही. पाणी लाल झालं की सोडायचं, पुन्हा भरायचं. आई स्टूल घेऊन शेजारी बसली. हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. तशी ती आता नेहमीच बसते, म्हणजे ते हलताना दिसत नाहीत.

वर मी "सगळे ठीक आहोत" असं लिहिलं आहे. सवयीनं लिहिलं. ते खरं नाही, आणि खोडलं तर पान घाण दिसेल म्हणून तसंच ठेवते. डॉक्टर म्हणाले, हात आता सुधारणार नाहीत. ही तिची शेवटची गोधडी. तुला कळवायचं नाही, असं तिनं मला बजावलं होतं. "तिला वाटेल, मी बोलावतेय."

पाणी गुलाबी झालं तेव्हा मी विचारलंच, "का नाही धुतलंस?"

"वास गेला असता."

"कसला वास?"

"तिच्या घराचा. कॉफीचा. आणि काहीतरी कुत्र्यासारखा." मग म्हणाली, "मी तिचं घर कुठे पाहिलंय?"

जन्मभर चिंध्या तपासणारी बाई, लवीना, आणि तुझ्या कुत्र्याच्या वासापायी तिनं शेवटची गोधडी बुडवली. तुला लाज वाटावी म्हणून सांगते आहे.

अखेर पाणी स्वच्छ आलं. पांढरं पुन्हा पांढरं झालं. फक्त एक कोपरा आधीच्या गार पाण्याच्या वेळी टबाच्या काठावर राहून वाळला होता, तिथला गुलाबी डाग गेला नाही. मी घासायला घेतला तर आईनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताबरोबर माझाही हात थरथरला.

"पुरे. लिलावाला दुसरी कुणाची तरी जाईल."

"आणि ही?"

"ही लवीनाची. तिला कुठे दिली मी?"

तू कोर्टात जाऊन लग्न केलंस, म्हणून लग्नात आईनं द्यायची तुझी गोधडी राहिली. माझी निळी-पांढरी पेटीत आहे. तिच्यावर डाग नाही, कारण तिच्यात कुणी झोपलेलंच नाही. ते असो.

आई म्हणते, पोस्टानं पाठव. मी पाठवणार नाही. वाटेत ओल लागली तर काय होईल ते मी पाहिलं आहे. तुझी आहे, तू ने. ती आईच्या पलंगावर घडी करून ठेवली आहे. आईला ती स्वतःच्या हातानं उचलून द्यायची आहे, आणि आज तरी तिला ती उचलता येते.

आईच्या कोपऱ्यातलं मी काही उसवलं नाही. तिथे अजून तिचे काही मोठे टाके आहेत. गुरुवारच्या बायकांना सगळे सापडले नाहीत. त्या टाक्यांना हात लावशील तर बघ.

बाबा स्टेशनवर घ्यायला येतील. येताना कापड आणू नकोस.

तुझी बहीण,
ट्विला