मटण बंद, रस्सा चालू

आण्णा, परवा सकाळी माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. चादरीचा काठ लागला तरी जीव जात होता. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि विचारलं, हा गाऊट आहे, घरात कुणाला होता का? मी म्हटलं, वडिलांना. आणि तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या मला तुमचा असा संताप आला, की तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झालीत याचंही भान राहिलं नाही.

त्यांनी मला जे समजावलं, ते तुमच्या डॉक्टरांनी तुम्हालाही समजावलेलं होतं. मटणातून येणारं काही, आपल्याच शरीरातल्या जुन्या पेशींतलं काही मोडतं आणि त्याचं युरिक अ‍ॅसिड होतं. ते किडनीनं लघवीवाटे बाहेर टाकायचं. आपल्या घराण्याच्या किडन्या त्या कामात आळशी. मग ते रक्तात साठतं आणि सांध्यात बारीक सुयांसारखे कण होऊन बसतं. दुखणं चार दिवसांत थांबतं, कण तिथंच असतात. म्हणून गोळी रोज. दुखो न दुखो, रोज. एवढं सोपं होतं हो!

"दुकायचं थांबलंय न्हवं? मग गोळी कशाला गिळू?" असं म्हणून तुम्ही डबी कपाटात टाकलीत. अंगठा पेटला की तीच काढून खायचात. तिनं दुखणं थांबायचं नाही, कारण ती त्यासाठी नव्हतीच, आणि मग डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्यानंतर तुमच्या कारखान्यातल्या कुणी सांगितलेल्या दुखण्याच्या गोळ्या, चण्याफुटाण्यासारख्या. आधीच थकलेली किडनी त्यांनी पार घालवली. एकदा गडमुडशिंगीला माझ्याकडे जेवायला आला होतात. मी ताटाशेजारी गोळी ठेवली, तर माझ्या सासरच्या माणसांदेखत ओरडलात, "बापाला शिकवतीस व्हय गं? मी काय लुळापांगळा झालोय?" मी चाळिशीची, दोन मुलांची आई. स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते मी विसरले नाही आणि माफही केलेलं नाही.

आणि तो रस्सा! डॉक्टरांनी मटण बंद केल्यावर तुम्ही मोठ्या तोऱ्यात फोडी बाजूला सारायचात आणि वाटी पुढं करायचात. "मटान बंद केलंय, रस्सा कुठं बंद केलाय? वाढ की!" पांढऱ्याच्या तीन वाट्या, वर तांबडा. मटण शिजताना सगळं त्या पाण्यातच उतरतं, पण तुम्हाला कोण सांगणार! असे शहाणे आपल्या कोल्हापुरात घरटी एक सापडतील. शेवटी मी तुम्हाला आठवड्याला दोनदा डायलिसिसला नेत होते, तर तिथल्या नर्सलाही विचारलंत, "रस्सा चालंल न्हवं?" ती हसली. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. तुमचा पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी तुम्ही बाहेर चपला घालत होतात. डॉक्टरांनी मला मागं थांबवून सांगितलं, "रस्सासुद्धा नको, सगळं त्यातच असतं. तुम्हीच समजावा त्यांना." मी तुम्हाला ते कधीच सांगितलं नाही. आई गेल्यावर तुम्ही फक्त रविवारी माझ्याकडे यायचात. पहिला घोट घेऊन म्हणायचात, "आईगत झालाय गं." जन्मात माझं कौतुक तुम्ही तेवढंच केलंत. ते ऐकायला मी दर रविवारी पातेलं चढवत राहिले.