फॅमिली रूममधली खुर्ची

अप्पा, इंदिरानगरच्या तुमच्या त्या परमिट रूममध्ये काल जेवून आले. आता तिथे पिवळे दिवे आहेत, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू आहे, दिंडोरीकडची वाइन मिळते आणि बायका-पुरुष एकाच टेबलाशी बसतात. सवयीने मी वेटरला विचारलं, "फॅमिली कुठे?" तो म्हणाला, "अजून येणार आहेत का मॅडम? खुर्च्या लावतो."

मी कॉलेजात असताना पगाराच्या शनिवारी तुम्ही आम्हाला तिथे न्यायचात. आई, मी आणि धाकटा बाजूच्या दाराने फॅमिली रूममध्ये. तुम्ही पुढच्या दाराने, कंपनीतल्या मित्रांत. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, वरून उघडं. वेटर येऊन सांगायचा, "साहेबांनी मसाला पापड पाठवलाय." पापड यायचा, तुम्ही नाही. घरी तुमचं बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "टीव्ही बारीक करा". पलीकडे मात्र तुम्ही सुपरवायझरची नक्कल करताय, लोक टेबलं बडवताहेत. एकदा कुणी तरी विचारतं, "काय भाऊ, आज एकटेच?" तुम्ही म्हणता, "एकटा कुठला? स्कूटर बाहेर पार्क केलीय, फॅमिली आत." मला हसू फुटतं. आई रोटीचा तुकडा मोडत हळूच म्हणते, "स्कूटर तरी मधून मधून बघून येतात." पुढच्या पगाराला तिने पोट बरं नसल्याचं सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. तुम्ही काही विचारलं नाहीत. तिच्यासाठी पार्सल आणत राहिलात.

मी अन्याय करतेय का, हे स्वतःला अनेकदा विचारलं. घरच्या बायकांना दारूच्या टेबलाशी बसवू नये, हा तुमच्या लेखी मान असेल. कितीतरी घरांतल्या बायकांनी तेव्हा हॉटेलची पायरीही पाहिली नव्हती. पण मानाने आत बसवलेल्या माणसांशी दोन शब्द बोलायला कुणी मनाई केली होती? घरी येतानाही तुम्ही गप्पच असायचात. सगळं बोलणं तिथेच संपवून आल्यासारखे.

काल आईला म्हटलं, चल, आता पार्टिशन नाही. ती म्हणाली, "तू जा. पार्सल आण." आणलं.

हे पत्र तिला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. तिला एक गोष्ट मी कधी सांगितलेली नाही. तो पलीकडचा माणूस मला फार आवडायचा. ती यायची थांबली तरी मी जात राहिले, आणि पार्टिशनला लागून असलेली खुर्ची धाकट्याला एकदाही मिळू दिली नाही.