खरवडलेली खूण

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

बांगड्या चढेनात! गौरीसाठी हिरव्या घ्यायला मल्लेश्वरमला गेले होते, नेहमीच्या दुकानात. यल्लव्वा वीस वर्षं माझ्या हातात बांगड्या भरते आहे. माप विचारतही नाही — दोन-सहा. आज अंगठ्याच्या हाडाशीच अडकल्या. तिने साबण लावला, हात दाबून दाबून लहान केला, तरी तीन फुटल्या.

"अक्का, हा तुझा हात नव्हं," म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. "जाड झाली असतीस तर मनगट भरलं असतं. हे हाड वाढलंय बघ. ह्या वयात कुणाचं हाड वाढतंय व्हय?"

शेवटी दोन-दहाच्या चढल्या.

येताना मनूला बूट घेतले. जूनमध्ये घेतलेले आताच लहान! नऊ नंबर. तेरा वर्षांची पोर, पाच फूट नऊ इंच. दुकानदार म्हणाला, "बास्केटबॉल?" तशी मनूची मान ताठ झाली. किती बरं वाटलं मला. वर्गात जिराफ म्हणतात तिला. रडून आली होती तेव्हा मी तेच सांगितलं, जे माझ्या वडिलांनी, आप्पाजींनी, मला सांगितलं होतं — आपण शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळूरला आलेली माणसं. ही हाडं घोडेस्वारांची आहेत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गौर बसली. गुरुराज म्हणाला, "इतकं घोरतेस हल्ली, की उद्या यायचा गणपती आजच येईल."

नवरा आहे, बोलणारच. पण मनूही म्हणाली.

३ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसच्या तपासणीत साखर निघाली. थोडीथोडकी नाही. घाम, थकवा, सहा महिने पाळी नाही — मी म्हटलं वय झालं. मनूची अजून सुरू व्हायची आहे आणि माझी थांबली. घरात दोघी बायका, पण पाळी कुणालाच नाही!

डॉक्टर रिपोर्ट सोडून माझ्या हातांकडेच बघत राहिले. मग विचारलं, "चपलेचं माप बदललं का?" बदललंय. दोनदा. हार्मोनच्या डॉक्टरांकडे जा म्हणाले.

घरी आले तर मनूने दुधाचा ग्लास सांडलेला. तिच्या कोपरापाशीच होता. "दिसला नाही आई." ओरडले तिला. धांदरट नुसती.

९ सप्टेंबर, मंगळवार

हार्मोनच्या डॉ. रंजिता. तिशीची असेल, पण घाई नाही कशाची. लग्नातला फोटो मागितला. फोन माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि गुरुराजला म्हणाली, "बघा."

मीही आरशात बघितलं. भुवयांवरचं हाड. नाक. हनुवटी. फोटोतली मुलगी माझी लांबची धाकटी बहीण वाटत होती.

"रोज समोर असते ती. मला कसं कळणार?" गुरुराज म्हणाला. आवाज बारीक झाला होता त्याचा. सतरा वर्षांचा संसार, आणि कळलं कुणाला? यल्लव्वाला!

मग डोळे तपासले. ती अगदी समोर बसली. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही." दोन्ही हात माझ्या कानांच्या बाजूला नेऊन बोटं उघडली. "किती?" दोन. चार. एक. "छान."

कशासाठी हे, विचारलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिथे गाठ झाली की वाढीचं हार्मोन नको तेवढं सुटतं. गाठ मोठी झाली तर तिच्यावरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, दोन्ही बाजूंचं जातं. "माणसाला पत्ताही लागत नाही. धडका बसायला लागतात, लोक म्हणतात लक्ष नाही."

१३ सप्टेंबर, शनिवार

गाठ आहे. चौदा मिलिमीटर. कॅन्सर नाही. नाकातून काढतात. ऑपरेशन १४ ऑक्टोबरला.

दवाखान्यात नाही रडले. ऑटोत रडले. ऑटोवाले अण्णा सिग्नलला मागे वळले, आपली पाण्याची बाटली पुढे केली — "स्वल्प नीरु कुडिरी, अक्का." प्यायले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज रंजितांनी माझ्या माहेरचा वंशवृक्ष काढला. पेन्सिलीने, बायकांना गोल आणि पुरुषांना चौकोन. आजोबांचा फोटो नेला होता — सहा फूट चार इंच, जबडा नांगरासारखा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयाने गेले. आम्ही तो फोटो दिवाणखान्यात मिरवतो. त्यांनी तो उजेडात धरला आणि मग आजोबांचा चौकोन पेन्सिलीने काळा केला.

त्यांच्याकडे एक अभ्यास चालू आहे. एकाच घरात अशा गाठी असतील तर जीनमध्ये दोष सापडतो, हे आता कळायला लागलंय. दोष असतो त्या सगळ्यांना गाठ होत नाही. पाचातल्या एखाद्यालाच. बाकीचे नुसता पुढे देतात. "पण वाढत्या वयात झाली तर ती वेगाने वाढते. हाडं अजून मिटलेली नसतात, मग उंची सुटते. मुलींची पाळी अडते."

मग विचारलं, "तुमची मुलगी?"

"उंच आहे. वडिलांवर गेलीय," मी म्हटलं.

गुरुराज बाहेर फोनवर होता. गुरुराजची उंची पाच फूट पाच इंच.

का खोटं बोलले मी?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मनूच्या दारामागे उंची मोजायचा कागदी जिराफ चिकटवलेला होता. ती शाळेत गेल्यावर काढला. आधी माझं ऑपरेशन होऊ दे. मग बघू.

२१ सप्टेंबर, रविवार

आप्पाजींकडे गेले. त्यांचं रक्त हवंय अभ्यासाला. नुसती सुई, म्हटलं.

"त्या डॉक्टर पोरीला सांग, आमच्या हाडांना चारशे वर्षं झाली. रोग असता तर निजामाशी लढलो असतो काय?"

"आप्पाजी, मला गाठ आहे."

"तुझी गाठ काढ. घराण्याला नाव ठेवू नकोस."

वडील बोलत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. कोपऱ्यातल्या भाल्याकडे बघत होते. जुनं घर पाडून अपार्टमेंट झालं तेव्हा हा भाला लिफ्टमध्ये मावला नाही, चौघांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवला. आयुधपूजेला घरातलं प्रत्येक पोर त्याला पाठ लावून उभं राहतं. आप्पाजी डोक्याशी कुंकवाचं बोट टेकवतात, मग चाकूने रेघ ओढून नावाचं अक्षर आणि साल कोरतात. माझ्याही खुणा आहेत. आजोबांच्या सगळ्यात वर. आप्पाजींच्या मधेच संपतात — "मीच एकटा बुटका निघालो," हे त्यांचं नेहमीचं दुःख.

लाकडावर एका ठिकाणी हातभर पट्टा खरवडलेला आहे. लहानपणी विचारलं होतं, तर "वाळवी लागली होती" म्हणाले.

आज नीट बघितलं. वाळवी अशी सरळ रेषेत खाते?

२५ सप्टेंबर, गुरुवार

मनूच्या कोचचा फोन. "लक्ष कुठे असतं हिचं? समोरचा पास झेलते, बाजूने आला की तोंडावर घेते." नाक सुजवून आली. म्हणते, मुली मुद्दाम हळूच येतात बाजूने. डोकं दुखतं म्हणून लवकर निजली. बाम लावला. कपाळ केवढं रुंद झालंय तिचं!

रंजितांचा नंबर काढला होता. फोन केला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. रस्ताभर फोडलेले कोहळे, कुंकवाने लाल. गाड्यांना केळीचे खुंट.

मला जायचंच नव्हतं. पण मनू सहा महिने या दिवसाची वाट बघत होती. आजोबांच्या बाबांनाही मागे टाकीन म्हणते! पाठ लावून उभी राहिली, हनुवटी वर. आप्पाजी स्टुलावर चढले. गेल्या दसऱ्याच्या खुणेपासून सहा बोटं वर.

कुंकवाचं बोट बरोबर त्या खरवडलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी आलं.

दरवर्षी ते "हर हर महादेव" म्हणतात. आज म्हणाले नाहीत. बोट तसंच हवेत. मनू म्हणाली, "किती झाली आजोबा? सांगा की!" त्यांनी कुंकू धोतराला पुसलं. "सरी, सरी, झालं. उतर बाळ." ती तर जमिनीवरच उभी होती. स्टुलावर ते होते.

मग मला गॅलरीत नेलं. आप्पाजींच्या धाकट्या भावाचं, श्रीहरीकाकांचं, नाव घरात कुणी घेत नाही. माझ्या जन्माआधी लॉरीखाली गेले, एवढंच माहीत.

"माझ्याहून सहा वर्षांनी लहान. चौदाव्या वर्षी मला मागे टाकलं त्याने. वडील पेढे वाटायचे दर दसऱ्याला. मी जळायचो, खरं सांगतो. सतरा वर्षांचा होता तो. लॉरी बाजूच्या गल्लीतून आली. लख्ख दुपार. केवढी लॉरी! सगळे म्हणाले, बेफिकीर पोरगा. पण त्याआधी वर्षभर चौकटीला खांदा आपटायचा त्याचा. ताट घेताना वाटी कलंडायची. आम्ही हसायचो त्याला."

आजी भाल्यावरच्या काकांच्या खुणांवरून हात फिरवत बसायची, म्हणून आप्पाजींनीच त्या खरवडल्या.

आत काहीतरी पडलं. मनू ओरडली, "सॉरी! समई दिसलीच नाही!"

आप्पाजींनी माझा हात धरला. हा मोठा झालेला, माझा नसलेला हात. "रक्त कुठे द्यायचं ते सांग," म्हणाले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा, सकाळ

मनूला उजेडात खुर्चीवर बसवलं. समोर बसले. "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही." दोन्ही हात तिच्या कानांच्या बाजूला नेले. सगळी बोटं उघडली.

"किती?"

ती हसत होती. नजर हलवली नाही. शहाण्यासारखी वाट बघत राहिली.

"अगं आई, दाखव तरी!"