बावेवरचा हौद आणि बेलाचं पाणी

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
मंगळवार, १३ जानेवारी १९८७

प्रिय धाकटे बंधू लुईस यास,

थोरला भाऊ कॉस्मस याचे पोटभर आशीर्वाद. देवदयेने आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत (तुझ्या वहिनीचा, ऑलिव्हचा, गुडघा सोडून, पण तो ठणठणीत कधी होता). तिकडे बाहरीनला तू, मेबल आणि दोन्ही पोरं खुशाल असाल असं धरून चालतो. तुझं नाताळचं पत्र आणि चॉकलेटचा डबा पोचला. चॉकलेटं संपली, डबा ऑलिव्हने सुक्या बोंबलांना दिला. परवा रविवारी आपल्या बेलाचं लग्न नीट पार पडलं. तुला रजा मिळाली नाही याची हळहळ सगळ्यांना वाटली, माझी तर लग्नाच्या जेवणातल्या मोईलाचा पहिला घास घेतानासुद्धा जात नव्हती.

तर तुझ्या पत्राबद्दल. त्यात पुतणीच्या लग्नाची चौकशी एकदा होती आणि हौदाची तीनदा. रागावत नाही, नोंदवतो फक्त. गेल्या मे महिन्यात तू तो निळा प्लास्टिकचा हौद विमानातून आणलास, अंगणात उभा केलास, पोरांना महिनाभर त्यात डुंबवलंस आणि जाताना मला बजावलंस की पुढच्या मे महिन्यात येऊन मी बाव, अंगणातली ती जुनी विहीर, डबर टाकून बुजवणार आणि तिथे पक्का तलाव बांधणार. तोवर हा हौद तू काचेसारखा ठेव, म्हणजे पाणी सांभाळणं जमतं की नाही ते कळेल. मी मान डोलावली. कंपनीत विक्रोळीला एकतीस वर्षं कूलिंग टॉवरचं पाणी सांभाळलेला माणूस मी, कमरेएवढ्या हौदाला कशाला भितोय. शिवाय बावेवर आपल्या बाबांनी टाकलेला स्लॅब हीच अंगणातली एकमेव सपाट जागा, हौद बरोबर तिच्यावर बसला होता, आणि बाव तर तू गल्फला गेलास त्या वर्षापासून बंदच होती. डोळ्यांआड असलेल्या गोष्टीबद्दल मान डोलावणं सोपं असतं.

पावसाळाभर हौदाकडे मी बघितलं नाही, हे कबूल करतो. ऑक्टोबरात ताडपत्री काढली तर पाणी हिरवं. हिरवं म्हणजे कोथिंबिरीच्या चटणीत दोन तांबे पाणी घातलं की जो रंग येतो तो. कडेला बोट लावलं तर शेवाळ बुळबुळीत लागलं आणि तळाला तू कौतुकाने दाखवलेले छापील मासे पार दिसेनासे झाले होते. मी ताडपत्री परत घातली आणि आत जाऊन चहा प्यायलो. (घाईने काम करणारा माणूस मी नव्हे.)

आता खरी अडचण ऐक. डिसेंबरच्या सुरुवातीला नातालीन आत्या आली. आत्याला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच दिसतं, पण तिचा शब्द अजून गावठाणात चालतो. तिने विचारलं, बेलाच्या अंघोळीला उंबराचं पाणी कुठून आणणार. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलीला लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्याच अंगणातल्या पाण्याने अंघोळ घातली, आत्यालासुद्धा, मग ही काय नळाखाली बसणार काय. तुला आठवत असेल, आपल्या मोठ्या बहिणीच्या वेळी सगळं गावठाण बँड लावून बावेवर आलं होतं. बायका गात होत्या, कळशीला फुलं बांधली होती, आणि आत्याने पानसुपारी आणि चार आण्याचं नाणं बावेत टाकलं तेव्हा बँडवाल्यांनीसुद्धा वाजवायचं थांबवलं. तू आणि मी काठावर पालथे पडून खाली बघत होतो. बाबांनी आपल्या दोघांच्या चड्ड्या मागून धरल्या होत्या. ते दिवस आठवले की मला अजून बावेच्या दगडाचा गारवा पोटाला लागतो.

पण आता बाव उघडायची तर हौद काढायला हवा, आणि हौद काढला तर मी तुझ्या परीक्षेत नापास. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. मी आत्याला सांगितलं, हौदही आपल्याच अंगणात आहे, त्यातलं पाणी आपलंच. आत्या गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे कबूल केलं, असा मी सोयीचा अर्थ काढला आणि कामाला लागलो.

पहिल्यांदा ब्लीचिंग पावडर. प्रमाण मला तोंडपाठ होतं, फक्त ते कूलिंग टॉवरचं होतं. सकाळी हिरवं असलेलं पाणी संध्याकाळी पांढरं झालं, अगदी तांदळाच्या पेजेसारखं. शेवाळ मेलं होतं पण गेलं नव्हतं, मरून तिथेच तरंगत होतं. वासाने ऑलिव्हच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शेजारच्या रत्नप्रभाबाईंनी खिडकी लावून घेतली. मग तुझं ते गाळायचं यंत्र चालू केलं. त्याच्या पोटात चुण्याचुण्यांच्या कागदाची एक नळी असते ना, ती शेवाळाने भरली म्हणून ऑलिव्हला धुवायला दिली. इथे चूक माझी, मी सांगायला हवं होतं. तिने ती रात्रभर धुण्याच्या पावडरीत भिजत घातली आणि सकाळी दगडावर आपटली. स्वच्छ झाली यात शंका नाही. परत बसवली तेव्हा हौदाला असा फेस आला की पोस्टमन फाटकाबाहेर उभा राहून, "क्या बनाते हो, अंकल?" असं विचारून गेला.

शेवटी अक्कल रत्नप्रभाबाईंकडून आली. त्या मालवणच्या, आणि त्यांना पाणी कळतं. तुरटीचा मुठीएवढा खडा काठीला फडक्यात बांधून त्यांनी हौदात सावकाश गोल फिरवला आणि मला म्हणाल्या, "आता दोन दिस हात लावू नको हां, भावजी. आणि कोणाक पाण्यात जाऊ देऊ नको." मी म्हटलं इथे कोण जाणार. दोन दिवसांनी वरचं पाणी नितळ, गाळ सगळा खाली. मी खूश होऊन जेवून झोपलो आणि उठून बघतो तर पुन्हा पेज. तीन वेळा हे असंच झालं, लुईस. रोज सकाळी नितळ, दुपारी झोपून उठलो की गढूळ. काठावर एकदा पांढरं पीस सापडलं, त्यावरून मी बगळ्यांवर संशय घेतला आणि दोन दुपारी झोप मोडून काठी घेऊन बसलो. त्या दोन दुपारी काहीच झालं नाही, म्हणून परत झोपू लागलो.

लग्नाच्या आदल्या गुरुवारी मी निर्वाणीचा उपाय केला. रॉकेलच्या पिंपातून रॉकेल काढतात तसा रबरी पाइप तोंडाने ओढून तळाचा गाळ बाहेर काढला, इंच इंच सरकवत, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. (दोनदा तोंडात आला. चवीबद्दल लिहीत नाही.) आणि शुक्रवारी सकाळी, काय सांगू, पाणी नितळ, दुपारी झोपून उठलो तरी नितळ. तळाचे छापील मासे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. मी गावठाणातल्या चार जणांना बोलावून दाखवलं. तू असतास तर तुलाही दाखवलं असतं.

शनिवारी संध्याकाळी बँड आला, बायका आल्या, कळश्या आल्या. बेला हिरव्या लुगड्यात उभी होती, अगदी आपल्या आईसारखी दिसत होती. आत्याला हाताला धरून मी हौदापाशी नेलं. तिने पानसुपारी सोडली आणि नाणं टाकलं. टक् असा आवाज झाला. रिकाम्या पितळी ताटात नाणं पडावं तसा. आत्या कान देऊन उभीच राहिली. मग तिने पाण्यात बोटं बुडवली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "कॉस्मस, ही बाव नाय. हा इस्पितळाचा वास हाय." बँड थांबला. बायकांनी गाणं मध्येच सोडलं. तेवढ्यात बेला माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "राहू दे ना, डॅडी, नळाचं आणा. मला चालेल."

ते "मला चालेल" माझ्या फार जिव्हारी लागलं. ही पोर लहानपणी बावेत डोकावून आपल्याच नावाने हाका मारायची, आणि तिच्या स्वतःच्या लग्नात तिला नळाचं चालणार होतं, कारण बापाला पाण्याच्या परीक्षेत पास व्हायचं होतं.

नेमक्या त्याच वेळी तुझ्या हौदाचा एका बाजूचा सांधा सुटला. परदेशी माल असला तरी प्लास्टिक ते प्लास्टिकच. सगळं पाणी अंगणभर झालं, बँडवाल्यांचे बूट भिजले, रत्नप्रभाबाईंच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं, पण त्यांनी दार उघडून स्वतःच पदर खोचला. हौद ओढून बाजूला केला. स्लॅबमधलं लोखंडी झाकण गंजून बसलं होतं, तर ऑलिव्हने बेलाला लावायला ठेवलेलं खोबरेल तेल त्यावर ओतलं आणि रत्नप्रभाबाईंच्या पहारीने ते हललं. आत्याने दुसरं नाणं मागितलं. टाकलं, आणि आम्ही वाट बघितली. लुईस, किती वेळ लागतो ते मी विसरलो होतो. मग खालून आवाज आला, डुबुक्. आत्या म्हणाली, "ही बाव." बायकांनी गाणं पुन्हा जिथे सोडलं होतं तिथून धरलं. कळशी कपड्यांच्या दोरीला बांधून सोडली. वर आलेलं पाणी नितळ होतं, कोणी तुरटी फिरवली नव्हती, तरी.

बेलाला त्याच पाण्याने अंघोळ घातली. मला त्या संध्याकाळी रडू आलं, ते मी ब्लीचिंगच्या नावावर खपवलं. बाकी सर्व क्षेम. मेबलला नमस्कार, पोरांना पापे. तुझी थोरली वहिनी आठवण सांगते.

तुझाच,
कॉस्मस

ता. क. हे पत्र ऑलिव्हने वाचलं. ती म्हणते, दुपारी तुम्ही झोपलात की लग्नाच्या जेवणाला आणलेली दोन बदकं मी रोज हौदात सोडत होते, त्यांना अंगणात उकडायचं म्हणून. काठी घेऊन बसलात तेव्हा तेवढी नाही सोडली. बदकं गुरुवारी मोईलासाठी कापली. पाणी शुक्रवारी का नितळ राहिलं ते यावरून कळेल. माझा पाइप त्यात कुठे बसतो ते मी विचारलं नाही.

ता. क. दोन. साकीनाक्याच्या तुझ्या त्या ओळखीच्या माणसाने काल डबराचा ट्रक खरोखरच पाठवला. मी तो फाटकातून परत पाठवला. बाव बुजवू नकोस, लुईस. हेच लिहायला बसलो होतो, मध्ये हौद आला. तुझ्या पोरांना तलाव हवा असेल तर माझ्या खोलीसमोरची पेरूची जागा घे, मी पेरू काढीन. पण बाव राहू दे.

ता. क. तीन. सांधा सुटला नव्हता. कोयत्याने मी कापला, सगळ्यांदेखत. नवा हौद मागितलास तर देणं लागतो. काल दुपारी कोणी नव्हतं तेव्हा काठावर पालथा पडून मी बावेत "लुया" अशी हाक मारली. अजून तशीच परत येते, बारीक आवाजात, तू सात वर्षांचा असताना मला ओ द्यायचास तशी. चड्डी धरायला आता मागे कोणी नाही, म्हणून फार वाकलो नाही. मे महिन्यात ये. येताना दोर आण, नायलॉनचा, चाळीस फुटी. कपड्यांची दोरी ऑलिव्ह परत मागते आहे.